एक्स-रेवरचं नाव

"काका, जर्सी काढा लवकर. फोटो सुरू व्हायलाय."

साताऱ्यातलं मैदान. अंतिम सामना संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. मंडपाच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ मी उभा होतो. डाव्या हाताची करंगळी मोडली होती. ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली होती. घामानं भिजलेली जर्सी एका हातानं डोक्यावरून निघेना. समोर धैर्यशील उघड्या अंगानं उभा, हात पुढं करून. मी चौतीस वर्षांचा, तो एकवीसचा. मदतीला तो पुढं आला नाही. शेवटी दातांत कापड धरून मी जर्सी ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं ती नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"मेंढराचा वास येतोय रं ह्याला!"

बरोबरचे दोघं हसले. एकानं खिशातून सेंटची बाटली काढली आणि अकरा नंबरवर दोन फवारे मारले. मग धैर्यशीलनं टाकीच्या नळाखाली डोकं धरलं. तोंडावर पाणी मारून घेतलं. कपाळावरचे केस ओले करून घेतले. सामना खेळलेल्या माणसाला घाम दिसायला पाहिजे. त्याला तो आला नव्हता. सामना चालू असताना तो मंडपात, वडीलधाऱ्यांच्या मागच्या रांगेत बसून सरबत पीत होता.

जर्सी घालून तो निघाला. जाताना वळून म्हणाला, "तुमी हितंच थांबा हां काका. फुडं येऊ नका."

माइकवर त्याचं नाव पुकारलं. स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडू. टाळ्या पडल्या. मी बनियनवर, टाकीच्या आडोशाला. सवयीनं माझेही हात उचलले गेले होते. बोटामुळं टाळी वाजली नाही, एवढंच.

हे मी चौतीस वर्षांनी लिहितो आहे. अडुसष्ट पुरी झाली. एवढं वाचून मी कुणाला बिचारा वाटलो असेन. पुढचंही वाचावं.

मी माण तालुक्याच्या पूर्वेकडचा. आमच्याकडं पाऊस पडतो तो दुसऱ्याच्या गावात. घरची मेंढरं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन खाली नदीकाठाला उतरायचे, कृष्णेच्या कडंकडंनं थेट सांगलीपर्यंत. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर. सांगलीत एका कॉलेजच्या मागं पडीक रान होतं, तिथं आमचा वाडा बसायचा. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. कॉलेजच्या भिंतीला एक भगदाड होतं. त्यातून सिमेंटचं मैदान दिसायचं. पांढऱ्या चड्ड्या घातलेली पोरं उंच खांबावरच्या रिंगमध्ये चेंडू टाकायची. तो खाली पडायच्या आत दुसरा कुणीतरी उडी मारून झेलायचा. मी तासन्तास बघायचो. एकदा चेंडू भगदाडातून आमच्याकडं आला. मी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत द्यायला आत गेलो. पहारेकरी काठी घेऊन धावत आला. "लेंड्या घिऊन आत येतो व्हय रं मेंढक्या!" चेंडू माझ्या हातातून त्यानं काढून घेतला आणि नळावर धुतला. माझ्यासमोर धुतला.

अठराव्या वर्षी मी फौजेत गेलो. उंची सहा फूट एक. एका हवालदारानं नुसती उंची बघून माझ्या हातात बास्केटबॉल दिला. पंधरा वर्षं रेजिमेंटच्या संघातून खेळलो. नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. झालो. पेन्शन घेऊन परत आलो आणि सांगलीच्या त्याच कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास. पण मी इतिहासासाठी गेलो नव्हतो. मला त्या सिमेंटवर खेळायचं होतं. त्या कॉलेजच्या नावाची जर्सी घालून. चौतिसाव्या वर्षी बाप्या माणसाची ही असली इच्छा. कुणाला सांगायचीही लाज वाटावी.

पहिल्याच दिवशी जिमखान्यात गेलो. तिथले सर मला खालून वर बघत म्हणाले, "वय किती?"

"चौतीस."

ते हसले. "अरे फौजी, इथं वयाची अट असते. विद्यापीठाच्या स्पर्धेत तुला कोण उतरवणार? सरावाला येत जा. पोरांना चेंडू आणून देत जा."

मी सरावाला जायला लागलो. चेंडू आणून द्यायला लागलो. पोरं मला काका म्हणायची. आठवडाभरात त्यांच्यातला एकही मला रिंगखाली अडवू शकेना, तरी काकाच. मी फार खूश होतो. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास यायचा, सिमेंट तापलेलं असायचं, आणि भगदाडाच्या ठिकाणी आता नवीन विटा दिसायच्या. मी त्या विटांच्या आतल्या बाजूला होतो.

त्या संघात एक मिलिंद होता. रहिमतपूरच्या बौद्धवाड्यातला. वडील गवंडी. संघात सगळ्यांत बुटका, आणि खेळ सगळ्यांत शहाणा. त्याला पाठीमागचंही दिसायचं. चेंडू असा सोडायचा की तो हातात आल्यावर आपल्याला कळावं, आपण मोकळे होतो. डाव्या हातानं रिंगखालून चेंडू सोडायचं मी त्याला शिकवलं. तीन दिवसांत शिकला. त्याला फौजदार व्हायचं होतं. भरतीत खेळाडूंना वेगळ्या जागा असतात, त्यासाठी विजयी संघाचं एक प्रमाणपत्र पाहिजे होतं.

"फौजीकाका, येक सर्टिफिकेट मिळू द्या. मग बघा. खाकी घालून रहिमतपूरच्या स्टँडवर उतरतो का न्हाई."

"घोड्यावर बसून जा."

"घोडं कशाला? यष्टीनंच जानार. समद्यांनी बघाय पायजे की."

आणि धैर्यशील. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. जीपनं मैदानावर यायचा, चार उड्या मारायचा, जायचा. त्याला सगळे दादा म्हणायचे. मीही दादा म्हणायचो. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान पोराला. जिभेला ते जडही वाटत नव्हतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जिभेला तीच सवय.

स्पर्धेला पंधरा दिवस राहिले तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"फौजी, खेळायचंय ना तुला?"

"होय सर."

"नाव दादांचं. फॉर्मवर फोटो तुझा. मैदानात तू. दादांना पुढं नोकरीसाठी प्रमाणपत्र लागणार आहे. तुझंही आम्ही बघू. संस्था विसरत नाही."

विचार करून सांगतो, असंही मी म्हणालो नाही. लगेच हो म्हणालो. मला फक्त मैदान दिसत होतं.

मग त्यांनी संघाची यादी पुढं सरकवली. "बारा नावं पुरी झालीत. दादांचं घालायचं तर एक काढायला लागणार. तुला खेळ कळतो. सांग, कुणाला काढू?"

मी यादी वाचली. त्यात निम्म्या पोरांना धावताना चेंडू धड आपटता येत नव्हता. पण एक डॉक्टरांचा मुलगा होता. एक नगरसेवकाचा होता. दोघं कारखान्याच्या संचालकांच्या घरातले होते. मी उजव्या हाताचं बोट मिलिंदच्या नावावर ठेवलं.

सरही म्हणाले, "चांगला खेळतोय की तो."

मी म्हणालो, "तो बोलणार नाही, सर."

हेच माझे शब्द. एकही इकडचा तिकडं केलेला नाही. सरांनी पट्टी न घेता रेघ मारली. ती थोडी वाकडी गेली.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. मिलिंद जिमखान्याच्या दारात उभा होता. पुन्हा पुन्हा वाचत होता. मला बघून जवळ आला.

"काका, माझं नाव न्हाई ओ. काय चुकलं आसंल का? तुमी विचारता का सरांस्नी?"

मी म्हणालो, "विचारतो."

दोन दिवसांनी त्याला सांगितलं, सर म्हणाले उंची कमी पडते. तो "बरं" म्हणाला. सरावाला मात्र यायचा थांबला नाही. स्पर्धेपर्यंत रोज येऊन आम्हाला चेंडू आणून देत होता.

फॉर्मवरच्या फोटोसाठी मला मिशी काढायला लागली. फौजेतली झुपकेदार मिशी होती. सर म्हणाले, ही मिशी घेऊन तू एकवीसचा कसा दिसशील? मी काढली. आमच्यात मिशी उतरवतात ती बाप मेल्यावर. मधल्या रविवारी घरी गेलो. वडील बाहेर बाजेवर बसले होते. मला लांबून बघून उठून उभे राहिले. घाबरले होते.

"कोन गेलं रं?"

"कुणी नाही."

ते जवळ आले. माझ्या वरच्या ओठावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मग ह्ये काय? मी हाय की अजून जित्ता."

मी सांगितलं, खेळासाठी काढली. त्यांना काही कळलं नाही. त्या दिवशी ते माझ्याबरोबर जेवले नाहीत. त्यानंतर सहा वर्षांनी वडील खरोखर गेले. मिशी उतरवताना न्हाव्यानं विचारलं, "पयल्यांदाच व्हय?" मी होय म्हणालो.

स्पर्धा आम्ही जिंकली. म्हणजे मी, आणि माझ्याबरोबर धावणारे चौघं. समोरच्या संघांना माझं वय दिसत होतं. एकजण मोठ्यानं म्हणाला, "आरं, ह्यो खेळाडू हाय का खेळाडूचा बाप?" सगळं मैदान हसलं. मीही हसलो. पण लेखी तक्रार कुणी केली नाही. अध्यक्ष मंडपात बसलेले होते.

अंतिम सामन्यात शेवटी शेवटी चेंडू झेलताना करंगळी मागं वळली. आवाज झाला. सर म्हणाले, बाहेर येतोस का? मी म्हणालो, पट्टी बांधा. दोन फ्री थ्रो माझे होते. दोन्ही टाकले. ते दोन गुण मला अजून दिसतात. समोर अजिंक्यतारा, मध्ये ते रिंग, आणि हातातून सुटलेला चेंडू. आयुष्यात तेवढं एक काम मी पूर्णपणे नीट केलं. आणि ते माझ्या नावावर नाही.

बक्षीस समारंभ उरकल्यावर सर मला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीशी त्यांनीच नाव सांगितलं. धैर्यशीलचं. वय एकवीस. मला हळूच म्हणाले, "अकरा नंबरला लागलंय हे सगळ्यांनी बघितलंय. उद्या कुणी चौकशी केली तर कागद जुळायला पाहिजेत." एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, कोपऱ्यातलं वय वाचलं, माझ्याकडं बघितलं.

"एकवीस?"

मी सरांकडं बघितलं.

"उन्हातान्हात लई राबलेलं दिसताय."

फिल्म तपकिरी पाकिटात घालून त्यांनी माझ्याच हातात दिली. सर ती मागायला विसरले. त्यांच्या हातून झालेली ती एकच चूक. हाड माझं, नाव त्याचं. मी ते पाकीट ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. पुरावा म्हणून नव्हे. मी खेळलो होतो, याची तेवढीच खूण माझ्याकडं होती. बोट वाकडं बसलं, ते वाकडंच राहिलं.

संस्था विसरली नाही. एम.ए. झालो आणि त्याच जिमखान्यात शिपाई म्हणून लागलो. चोवीस वर्षं मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या. चेंडूत हवा भरली. भिंतीवर लाकडी फळा होता, विजयी संघाचा, सोनेरी अक्षरांत बारा नावं. तो मी रोज पुसला. एकदा अक्षरं उडाली तेव्हा पेंटर आजारी होता. मीच ब्रश घेतला आणि धैर्यशीलचं नाव नव्यानं रंगवलं. अक्षर चांगलं आलं म्हणून सरांनी पाठ थोपटली.

धैर्यशील खेळाडूंच्या जागेवर सरकारी साहेब झाला. पुढं नोकरी सोडून संस्थेचा अध्यक्ष झाला. मिलिंदनं दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. भरतीला दोनदा उतरला, थोडक्यात राहिला, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. कळेल या भीतीनं केली नाही.

आणि मी गप्प होतो. दरवर्षी नवी पोरं यायची. काका, काका करायची. त्यांना मी खेळातले बारकावे सांगायचो. तुम्ही कुठं खेळलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचो, फौजेत.

यंदा फेब्रुवारीत संस्थेनं नवीन बंदिस्त क्रीडागृह बांधलं. लाकडी जमीन, वर पत्रे, दारावर धैर्यशीलचं नाव. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला बोलावणं आलं. गाडी पाठवली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या शिपायाला गाडी. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. आत रंगीत तालीम चालली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एक जुनी अकरा नंबरची जर्सी, काचेच्या पेटीत. आणि एक टाइप केलेला कागद.

"काका, ही पेटी दादांच्या हातात द्यायची. मग माइकवर एवढं म्हणायचं. पाठ केलंत तर बरं."

मी चष्मा लावून वाचलं. तो कागद मी परत दिलेला नाही, माझ्याकडं आहे. त्यात लिहिलं होतं : "त्या सामन्यात मी खेळाडूंना पाणी द्यायला होतो. दादांची करंगळी मोडलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मी म्हटलं, दादा, बाहेर या. दादा म्हणाले, आधी कॉलेजची अब्रू, मग बोट."

मी ते तीनदा वाचलं. खेळ नेला होता. नाव नेलं होतं. मिशी नेली होती. आता मोडलेलं हाडसुद्धा घेऊन चालले होते. आणि ते त्याचंच होतं अशी साक्ष माझ्या तोंडून पाहिजे होती. पोरांच्या तोंडी ही गोष्ट किती वर्षं फिरत होती कोण जाणे. मी पाणी देणारा.

समोर पहिल्या रांगेत धैर्यशील बसला होता. पंचावन्नचा, सुटलेला. प्राध्यापक म्हणाले, "घ्या काका, एकदा म्हणून बघू."

मी माइकजवळ गेलो. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून पुस्तकी बोलणं बाहेर पडायचं. त्या वेळी घरचं पडलं.

"न्हाई."

"काय झालं काका?"

"बोट माझं हाय."

मी डावा हात वर केला. वाकडी करंगळी ताठ होत नाही, तरी केली तेवढी केली.

"दादा, तुमची करंगळी दावा की."

धैर्यशीलनं हात खिशात घातला. ते सगळ्यांनी बघितलं. खुर्च्या लावणारी पोरं, फुलांचे हार घेऊन आलेला माणूस, प्राध्यापक, सगळ्यांनी. मग धैर्यशील हसला, उठला, माझ्या खांद्यावर हात टाकून मला दारापर्यंत घेऊन आला. "काका, वय झालं तुमचं. गाडीनं घरी सोडायला सांगतो." आणि दारात, आवाज खाली आणून, "सूनबाई आपल्याच शाळेत हायत न्हवं? कायम व्हायचंय की अजून त्यास्नी."

मी चालत घरी आलो.

सुनेला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मामा, इतकी वर्सं गप बसलासा. आजून दोन वर्सं बसला असता तर काय झालं असतं?"

एप्रिलअखेर तिला कळवलं, पुढच्या वर्षापासून यायची गरज नाही. उद्घाटन ठरल्याप्रमाणं झालं. कागदावरची ती वाक्यं दुसऱ्या कुणीतरी म्हटली.

त्या तालमीनंतर दोन-चार दिवस मी स्वतःवर खूश होतो. उशिरा का होईना, नाही म्हणालो. मग एकदा जेवताना माझी नजर उजव्या हाताकडं गेली. यादीवर ठेवलेलं बोट सरळ होतं. ते कधीच मोडलं नव्हतं. त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही माइकवर काही बोललो नव्हतो. स्वतःवर झालेला अन्याय तेवढा मी सांगितला होता.

मिलिंदचा पत्ता काढला. तो शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होता. सांगलीहून एसटी धरली. उंब्रज गेलं, सातारा गेलं. काय बोलायचं ते मनाशी जुळवत होतो, प्रत्येक थांब्याला मोडत होतो.

गेटवर निळा शर्ट, डोक्यावर टोपी. केस पांढरे. मी ओळखलं, त्यानं ओळखलं नाही. न बघताच रजिस्टर पुढं सरकवलं.

"नाव लिवा. कुनाला भेटायचं त्ये लिवा. काम लिवा."

मी माझं नाव लिहिलं. कुणाला भेटायचं, तिथं त्याचं नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात काही लिहिता येईना. त्यानं रजिस्टर फिरवून वाचलं.

"काम लिवलं न्हाई, फौजीकाका."

"मिलिंद, मी सांगायला आलोय. त्या यादीतून तुझं नाव..."

"तुमी काढलं. म्हाईत हाय."

तेवढ्यात ट्रक आला. तो उठला, दांडी वर केली, कागद बघितले, ट्रक आत घेतला, दांडी खाली केली, परत आला. मी तसाच उभा.

"कधीपासून माहीत आहे?"

"तवाच. सरांनी सांगितलं की. मी रडाय लागलो तवा म्हनले, माज्यावर कशाला रडतोस? फौजीनंच काढलं तुला. म्हनला, ह्यो बोलनार न्हाई." तो माझ्याकडं बघत होता. आवाज चढला नव्हता. "मग न्हाई बोललो. म्हटलं बघू, फौजी कवा बोलतोय."

"तू चेंडू आणून देत होतास रोज. माहीत असून."

"व्हय. रोज तुमच्या हातात देत हुतो. तवातरी बोलशीला म्हनून."

मी त्याच्या पायांकडं हात नेले. तो झटकन मागं सरला.

"ह्ये नगं. गेटवर क्यामेरा हाय. आन आमच्यात पाया पडत न्हाईत."

मी एक्स-रेचं सांगितलं. त्यानं विचारलं, "हाय का अजून?"

"आहे."

"मग चौतीस वर्सं काय पूजा करत हुता व्हय त्याची?"

"आता बाहेर काढतो, सगळं लिहून देतो. पण मिलिंद, आता तुला त्याचं काय मिळणार?"

"मला काय मिळायचंय? वय गेलं. भरती गेली. बाप वाट बघून गेला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या फळ्यावर माजं नाव घाला, आसं म्हनत न्हाई मी. त्याचं उतरवा. आन लिवून द्याल तवा निस्तं त्याचं लिवू नगा. तुमी काय म्हनला हुता त्ये बी लिवा. जसंच्या तसं."

"लिहितो."

"पयलं त्येच लिवा."

त्यानं चहा विचारला नाही. मी निघालो तर हाक मारली. वाटलं, काही बोलेल. त्यानं पेन पुढं केलं.

"रकाना मोकळा सोडायचा न्हाई. सायब वरडतो."

मी लिहिलं : कबुली. त्यानं वाचलं आणि येण्याची वेळ घातली.

त्यानंतर सांगलीतल्या एका वकिलांकडं गेलो. त्यांनी एक्स-रे खिडकीला धरून बघितला. माझं बोट बघितलं. मग चष्मा काढला. म्हणाले, काही होणार नाही. फॉर्म केव्हाच रद्दीत गेले असतील. जिमखान्याचे सर वारले. दवाखाना बंद पडला. हा एक्स-रे तुम्ही कुठूनही आणला असं ते म्हणतील. फळा जुना झाला म्हणून उतरवतील आणि त्याच नावांचा नवा लावतील. आणि दुसऱ्याच्या नावानं खेळलात ते तुम्ही, म्हणजे गुन्हा झालाच तर आधी तुमच्यावर. पेन्शनचीही चौकशी लागू शकते. काका, कशाला?

त्यांचं खोटं नाही. मलाही काही होईल असं वाटत नाही. सुनेची नोकरी परत येणार नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मिलिंदनं त्यानंतर माझा फोन उचललेला नाही.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर वकिलांनी तयार केला. पहिला मुद्दा, धैर्यशीलच्या नावानं मी खेळलो. दुसरा, एक्स-रे. तिसरा, प्रमाणपत्र. मिलिंदचं नाव शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं : "तसेच त्या वेळी एका पात्र खेळाडूस वगळण्यात आले." वगळण्यात आले. कुणी वगळलं ते नव्हतंच.

मी कागद परत दिला. वेगळं लिहायला लावलं. पहिलं वाक्य मी सांगितलं : मिलिंदचं नाव मी काढायला लावलं आणि मी म्हणालो, तो बोलणार नाही, सर.

वकील म्हणाले, "काका, हे पहिलं घातलंत तर तुमचीच बाजू पडते. निदान शेवटी घाला."

मी न्हाई म्हणालो.

सोमवारी सकाळी तहसील कचेरीत त्यावर सही करणार आहे. माझ्या नावानं. एक प्रत संस्थेला, एक विद्यापीठाला, एक धैर्यशीलला त्याच्या घरी. ते फाडतील. मी दुसरी काढीन. तीही फाडतील. जोवर हात चालतोय तोवर काढत राहीन, आणि प्रत्येक प्रतीत पहिलं वाक्य तेच राहील.